रानातली फुलं, कावळे आणि द्राक्षवेल: निसर्गातून देवाचं शिकायचं ते कसं

लग्न होऊन निफाड तालुक्यात आले त्या वर्षी एप्रिलमध्ये द्राक्षबागेत खरड छाटणी चालू होती. बायबलमधला योहान १५, जिथे येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, तो मला लहानपणापासून तोंडपाठ, शब्बाथशाळेत त्यावर बक्षीससुद्धा मिळालेलं, त्यामुळे मी उत्साहाने कात्री घेतली आणि काड्या कापत सुटले. सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दोन ओळी सोडून काम करत होते, तिथूनच म्हणाले, "अगं थांब. आधी डोळा बघ, मग कात्री लाव."

डोळा म्हणजे काडीच्या पेराजवळचा तो बारीक फुगवटा, ज्वारीच्या दाण्याएवढा, वरून तपकिरी आणि हाताला जरा मऊसर. त्यातूनच पुढची काडी फुटते. "प्रत्येक फाटा अधिक फळ द्यावे म्हणून" हे वचन मी वीस वर्षं म्हणत होते आणि डोळा काय असतो हे एकदाही बघितलं नव्हतं. तेव्हापासून निसर्गातून वचन शिकायची माझी पद्धत अण्णांच्या त्या एका वाक्यावर उभी आहे. आमच्या महिला मंडळात बऱ्याच जणी विचारतात की आम्ही बागेत जातो, डोंगरावर जातो, मन प्रसन्न होतं, पण त्यातून देव काय बोलतो ते काही कळत नाही, तर कसं करायचं. त्यांच्यासाठी आणि ज्यांना मुलांना शिकवायचंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी हे का करायचं ते

कारण प्रभू येशूने स्वतः सांगितलंय. मत्तय ६:२६ मध्ये पाखरांकडे "निरखून पाहा" असं आहे, आणि दोन वचनं पुढे रानातल्या भुकमळांविषयी, म्हणजे रानफुलांविषयी, जे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये आलंय त्याचा अर्थ नुसतं बघा असा नाही, नीट अभ्यास करून शिकून घ्या असा आहे. म्हणजे ही आज्ञाच आहे, हौस नाही. ईयोब १२:७ मध्येही पशूंना विचार, आकाशातल्या पाखरांना विचार, ती तुला शिकवतील असं आहे.

काही जणांना भीती वाटते की हे निसर्गपूजेकडे जाईल. ही काळजी योग्यच आहे, रोमकरांस १:२५ मध्ये पौल त्याबद्दलच बोलतो. पण स्तोत्र १९ उघडून बघा. पहिली सहा वचनं आकाश आणि सूर्यावर आहेत, सातव्या वचनापासून एकदम परमेश्वराचं नियमशास्त्र सुरू होतं, आणि शेवटाकडे गुप्त पापांची क्षमा मागितली आहे. आकाश देवाचा महिमा सांगतं, पण तुझ्या पापाची क्षमा झाली हे आकाश सांगत नाही, त्यासाठी वचनच लागतं, वधस्तंभच लागतो. हे स्तोत्र डोक्यात पक्कं ठेवलं की वाट चुकत नाही.

आणि आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत हे काही नवं नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात क्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापलं तेव्हा मराठीचं कौतुक करायला त्यांना फुलांतली मोगरी आणि सुवासातली कस्तुरी सापडली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणायला लागले. आपल्या आधीच्यांनी रान बघितलेलं आहे.

पायरी १: एकच जागा धरा

काश्मीरला जायची गरज नाही. बिल्डिंगच्या आवारातला गुलमोहर, चर्चच्या कंपाउंडमधली चिंच, बाल्कनीतल्या चार कुंड्या, कुठलीही एक जागा ठरवा आणि निदान एक वर्ष ती सोडू नका. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरे. मोबाईल घरी ठेवा किंवा सायलेंट करून पिशवीत टाका, फोटो काढायचा मोह झाला तरी पहिली पंधरा मिनिटं काढू नका, कारण फोटो काढला की आपल्याला वाटतं बघून झालं.

जागा एकच का, तर बदल कळतो म्हणून. तोच उंबर जानेवारीत आणि जुलैत बघितला तरच कळतं त्याच्यात काय चाललंय ते. रोज नवीन बागेत गेलात तर प्रत्येक वेळी तुम्ही पाहुणेच.

पायरी २: वहीची दोन पानं

साधी शंभर पानी वही घ्या. डावीकडच्या पानावर फक्त जे दिसलं, ऐकू आलं, वास आला ते. उजवं पान कोरं ठेवा, ते नंतर. डाव्या पानावर "देवाची किती कृपा" वगैरे काही लिहायचं नाही, ते उजवीकडचं आहे. हा नियम कडक वाटेल पण हाच सगळ्यात उपयोगी आहे.

एक उदाहरण देते. सप्टेंबरमध्ये आम्ही त्र्यंबकच्या बाजूला गेलो होतो, डोंगर सोनकीच्या रानफुलांनी पिवळे झालेले. मी एक फूल न तोडता वाकून मुलाच्या भिंगातून बघितलं. लांबून जे एक फूल वाटतं ते एक नसतंच, मधल्या गोल भागात पिवळी नळीसारखी कितीतरी बारीक फुलं दाटीने उभी असतात, आणि कडेची जी पाकळी वाटते ती प्रत्येक पाकळीसुद्धा एकेक फूलच. काही उमललेली, काही अजून मिटलेली. डाव्या पानावर मी एवढंच लिहिलं. मनात लगेच आलं होतं की वा, हे तर मंडळीचं चित्र, अनेक अवयव एक शरीर, पण मी थांबले. तीन दिवसांनी परत मत्तय ६ वाचला तेव्हा कळलं की येशू तिथे मंडळीबद्दल बोलतच नाहीये, तो म्हणतो जे गवत आज आहे आणि उद्या भट्टीत जातं त्याला देव असा पोशाख घालतो. सोनकी नोव्हेंबरपर्यंत वाळून जाते. भिंग लावल्याशिवाय दिसणारही नाही अशी कारागिरी, आणि ती काही आठवड्यांसाठी, तीही जिथे बघायला कोणी येणार नाही अशा कड्यावर. मुलाच्या फीची काळजी मला त्या महिन्यात फार होती. उजव्या पानावर मी त्याबद्दल लिहिलं.

घाई केली असती तर मला मंडळीवरचा छान दाखला मिळाला असता आणि माझ्यासाठी जे होतं ते हुकलं असतं.

पायरी ३: ते काम कसं करतं हे जाणत्याला विचारा

इथे बहुतेक लोक कमी पडतात. नुसतं बघून अर्धंच कळतं, बाकीचं ज्याचा त्या गोष्टीशी रोजचा संबंध आहे त्याला विचारावं लागतं. शेतकरी, माळी, कोळी, मधमाशा पाळणारे, कॉलेजात बॉटनी शिकवणारे, कोणीही.

द्राक्षाचंच घ्या. आपल्याकडे नाशिक भागात वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलची खरड छाटणी, तेव्हा काड्या अगदी एखाद-दुसऱ्या डोळ्यावर कापतात आणि ऐन उन्हात वेल उघडाबोडका होतो, बाहेरचा माणूस बघून म्हणेल बाग मेली. मग ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यानंतर घड येतात आणि साधारण चार महिन्यांत माल काढायला येतो. मी अण्णांना विचारलं की एप्रिलच्या छाटणीला तर फळ येतच नाही, मग ती कशाला. ते म्हणाले, "फळ तेव्हाच ठरतं. आता फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यात मे-जूनमध्ये घड तयार होतो, बारीक, दिसत नाही. ऑक्टोबरला आपण फक्त त्याला बाहेर बोलावतो."

मी त्या ओळीतच उभी राहिले. जानेवारीत जो घड लोक हातात धरून फोटो काढतात तो सहा-सात महिने आधी, वेलाचे सगळ्यात वाईट दिवस संपत असताना, डोळ्याच्या आत बसलेला असतो. माझ्या आयुष्यात एक काळ असा गेला की नोकरी गेली, आई गेली, आणि प्रार्थनेला काही फळच नाही असं वाटायचं. योहान १५:२ मी शंभर वेळा वाचलं होतं पण त्यातून "देव दुःख देतो म्हणजे लगेच आशीर्वाद येतो" एवढाच सरधोपट अर्थ घेत होते. काही छाटण्या फळासाठी नसतात, डोळा तयार व्हावा म्हणून असतात, हे मला अण्णांमुळे समजलं.

आणखी एक, गोडी छाटणीनंतर कापलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकतं. थेंब थेंब, सकाळी जास्त. मूळ जिवंत आहे आणि खालून पाणी चढतंय म्हणून ते येतं. मेलेली काडी कापली तर काहीच गळत नाही.

पायरी ४: तिथलं रान आणि इथलं रान यातला फरक

बायबल लिहिलं गेलं ते वेगळ्या हवामानात. तिकडे द्राक्षवेल हिवाळ्यात झोपतो, त्यामुळे मुख्य छाटणी एकदाच हिवाळ्यात, आणि आपल्याकडे तसा हिवाळा नाही म्हणून दोन. मी वर जे खरड छाटणीचं सांगितलं तो माझ्या बागेतून मिळालेला धडा आहे, येशूच्या ऐकणाऱ्यांच्या डोळ्यासमोर ती छाटणी नव्हती, हे मान्य करूनच मी तो सांगते. शिकवतानाही असं स्पष्ट सांगायचं.

पावसाचा गोंधळ तर आपला नेहमीचा. मराठी शास्त्रात अनुवाद ११:१४ मध्ये "आगोटीचा व वळवाचा" पाऊस येतो. आपल्याकडे वळीव आधी येतो, एप्रिल-मेमध्ये, आणि आगोट नंतर जूनमध्ये. तिकडे मात्र पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पेरणीसाठी जमीन मऊ करणारा, आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, कणसात दाणा भरवणारा. याकोब ५:७ मध्ये शेतकरी धीर धरतो तो या दोन पावसांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत. हे कळलं की "धीर" या शब्दाचं वजन बदलतं.

भुकमळं म्हणजे नेमकं कुठलं फूल यावरही एकमत नाही, गालिलात वसंतात उगवणारी लाल ॲनिमोनीची फुलं बरेच अभ्यासक धरतात. तुम्ही तेरडा बघा, सोनकी बघा, चालेल. फक्त ते तुमच्या रानातलं असू द्या.

पायरी ५: शास्त्रातली जोडी शोधा

एका प्राण्यावरून किंवा एका वचनावरून धडा काढू नका. नीतिसूत्रे ६ मध्ये आळशाला मुंगीकडे पाठवलंय कारण ती उन्हाळ्यात साठवते. लूक १२:२४ मध्ये येशू म्हणतो कावळ्यांचा विचार करा, त्यांना कणगी नाही, कोठार नाही. मग साठवायचं की नाही? दोन्ही शास्त्रातच आहे, म्हणून दोन्ही बघायला हवं.

मी दोन्ही बघितलं. बांधावर मुंग्यांचं एक बीळ होतं, त्याच्या तोंडाभोवती गवताच्या बियांच्या टरफलांचं गोल कडं, दाणा आत आणि फोलपट बाहेर, इतकं व्यवस्थित की सूप घेऊन कोणी पाखडलंय. आणि कावळा आमच्या पाण्याच्या टाकीवर येतो, वाळलेल्या पोळीचा तुकडा आणतो, पाण्यात बुडवतो, थांबतो, मऊ झाला की खातो. सकाळी उजाडायच्या आधी त्याचं काम सुरू होतं. देव त्याला खायला घालतो, पण चोचीत आणून भरवत नाही. कावळा आळशी नाही आणि मुंगी घाबरट नाही. काम दोघंही करतात. लूक १२ मध्ये याच्या जरा आधीच त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला आहे जो कोठारं पाडून मोठी बांधणार होता, म्हणजे विषय साठवण्याचा नाहीच, जीव कशावर टेकलाय याचा आहे. शिवाय कावळा लेवीय ११ प्रमाणे अशुद्ध पक्षी. येशूने कबुतराचं उदाहरण न देता कावळ्याचं दिलं. आपल्याकडेही कावळा अंगणात आला की लोक हुसकावतातच.

चिमण्यांचा हिशोब पण असाच जोडून वाचायचा. मत्तय १०:२९ मध्ये दमडीला दोन चिमण्या, लूक १२:६ मध्ये दोन दमड्यांना पाच. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वर फुकट, जशी भाजीवाली वरून कोथिंबिरीची काडी टाकते तशी. आणि येशू म्हणतो त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, म्हणजे त्या पाचवीचाही, जिची किंमत बाजारात शून्य.

पायरी ६: फॉरवर्ड तपासा

हे मी जरा जोर देऊन सांगते. गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून तोडतो, नखं उपटतो, आणि मग नवीन आयुष्य मिळवतो, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. ही खोटी आहे. चोच तुटलेला गरुड उपाशी मरेल. एका तरुण शिबिरात हीच गोष्ट सांगितली गेली तेव्हा झूलॉजी शिकणारा एक मुलगा माझ्या शेजारी बसला होता, तो हळूच म्हणाला, ताई, हे खोटं आहे तर पुढचं पण खोटंच असेल ना. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, दुःख होतं. ते मी अजून विसरलेले नाही.

सत्याच्या देवाला खोट्या गोष्टीचा आधार लागत नाही. गरुडाची पिसं खरंच झडतात आणि नवी येतात, हळूहळू, एकेक करून, आणि त्या काळात तो उडतच असतो. तारुण्य गरुडासारखं नवं होतं असं सांगणाऱ्या स्तोत्र १०३:५ साठी हे पुरेसं आहे आणि मला तरी जास्त सुंदर वाटतं. शिवाय हिब्रूमधला तो शब्द गिधाडालाही लागतो, मीखा १:१६ मध्ये त्या पक्ष्यासारखं टक्कल कर असं आहे, आणि टक्कल गिधाडालाच असतं.

पायरी ७: कठीण गोष्टी टाळू नका

निसर्ग म्हणजे फुलपाखरं एवढंच नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, आमची बाग काढणीला आलेली होती. घड फुटून खाली चिखलात, आणि दोन दिवसांनी सगळ्या बागेत आंबलेल्या रसाचा वास. तेव्हा एका ओळखीच्या माणसाने येऊन सांगितलं की घरात काही पाप असेल, तपासून बघा. असं कधीही कोणाला म्हणू नका. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल येशूने हा हिशोब साफ नाकारलाय, आणि मत्तय ५:४५ मध्ये पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो.

त्या आठवड्यात अण्णा ईयोबाचे ३८ ते ४१ अध्याय मोठ्याने वाचायचे. देव तिथे ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण सांगत नाही, तो त्याला सृष्टी दाखवत फिरतो, आणि ३८:२२ मध्ये विचारतो की तू गारांची भांडारं पाहिलीस का. अण्णा त्या ओळीवर थांबायचे. आम्ही धडा काढला नाही. काही वेळा उजवं पान कोरंच राहतं आणि ते तसंच ठेवावं. माझ्या वहीत ते पान अजून कोरं आहे.

मुलांसाठी

हे लवकर सांगते. मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर मोहरी कुंडीत पेरायला द्या, तीन-चार दिवसांत उगवते. आधी मार्क ४:२६-२९ वाचा, माणूस झोपतो उठतो आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. रोज उकरून बघायचं नाही हा एकच नियम, आणि मुलांना तोच सगळ्यात जड जातो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने उकरलंच, तिचं रोप मेलं, ती रडली, मग आम्ही तिला दुसरी मोहरी दिली आणि त्या दिवशीचा पाठ तिथेच संपवला, वेगळं काही सांगायची गरज पडली नाही.

मोठ्या मुलांना कारवीचं झुडूप दाखवा. सह्याद्रीत ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, सगळा उतार जांभळा करते, बी धरते आणि मरते. वाळलेली बोंडं तशीच उभी असतात आणि पुढच्या पावसाचा ओलावा लागला की तडतड फुटून बी उडवतात. गव्हाचा दाणा मेला तर पुष्कळ पीक देतो असं सांगणारं योहान १२:२४ त्या आवाजात वाचून बघा.

शेवटची पायरी: राखण

उत्पत्ती २:१५ मध्ये माणसाला बागेत ठेवलं ते मशागत करायला आणि राखायला. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे आपली गिधाडं ९० टक्क्यांहून जास्त संपली, २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठी वापरावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. रोमकरांस ८:२२ मध्ये सगळी सृष्टी कण्हतेय असं आहे ते हेच. ज्या पक्ष्याकडून आपण शिकतो त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं, नाहीतर ते शिकणं अर्धंच.

साधं काम सांगते, मार्च लागला की सुरू करा. मातीचं पसरट भांडं घ्या, खोल नको, पाणी दोन-तीन बोटं, आत एक चपटा दगड म्हणजे मधमाशांना बसता येईल. सावलीत आणि मांजर पोचणार नाही असं ठेवा. पाणी रोज बदला आणि दोन दिवसांनी भांडं साबण न लावता नारळाच्या शेंडीने घासून घ्या, नाहीतर शेवाळ धरतं आणि डास होतात. पहिले चार-पाच दिवस कोणी येणार नाही, तरी भरत राहा. बहुतेक वेळा पहिला कावळाच येतो, त्याला हुसकावू नका, वही घेऊन बसा आणि डाव्या पानावर वेळ लिहा.